हृदयाचा ठेका

इंजिनिअर म्हटला कीं पूल, धरणें आणि यंत्रें. डॉक्टर म्हटला कीं औषधें आणि शस्त्रक्रिया, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु या दोन विद्यांच्या संगमावर एक तिसरी विद्या उदयास आली आहे. तिला जैववैद्यकीय अभियांत्रिकी असें नांव आहे. विल्सन ग्रेटबॅच या अमेरिकन विद्यार्थ्यानें त्या विद्येंत जें कार्य केलें, तें शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या प्रत्येकानें जाणून घेण्यासारखें आहे.

ग्रेटबॅच याचा जन्म १९१९ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो शहरीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत तो आरमारांत बिनतारी संदेशाचें काम करी. युद्धावरून परतलेल्या सैनिकांस शिक्षणवेतन देणारा कायदा अमेरिकेनें १९४४ सालीं केला होता. त्याचा लाभ घेऊन तो कॉर्नेल विद्यापीठांत विद्युत्-अभियांत्रिकी शिकला. संसार पाठीशीं असल्यानें वेतन अपुरें पडे. म्हणून मिळेल तें काम तो पत्करी. अशाच एका कामांत, विद्यापीठाच्या संशोधन-शेतावर मेंढ्या व शेळ्या यांच्या हृदयाचे ठोके मोजणारीं यंत्रें त्यास बसवावीं लागत. तेथें १९५१ सालीं पाहुणे आलेल्या दोन शस्त्रवैद्यांशीं, दुपारची शिदोरी खातां खातां, त्याचें बोलणें झालें आणि हृदयरोध या विकाराची त्यास माहिती मिळाली.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत निसर्गतः एक सूक्ष्म विद्युत्-लहर उत्पन्न होते. ती खालच्या कप्प्यांस पोंचली म्हणजे ते आकुंचन पावतात. ही वाट बंद पडली कीं नाडी मंदावते, रोगी मूर्च्छित पडतो व कित्येकदां दगावतो. तशीच लहर यंत्रानें दिल्यास हृदय चालेल, हें ग्रेटबॅचनें ओळखलें. पण त्या काळच्या निर्वात-नळ्या व बॅटऱ्या शरीरांत बसविण्याइतक्या लहान नव्हत्या.

पुढें लहानसा ट्रॅन्झिस्टर हातीं आला. बफेलो येथें शिकवीत असतां ग्रेटबॅच हृदयाचे ध्वनि टिपणारें एक यंत्र जुळवीत होता. १०,००० ओहमचा विद्युत्-रोधक घालावयाचा, तेथें चुकून १०,००,००० ओहमचा घातला गेला. यंत्र क्षणभर स्पंदन पावे, सेकंदभर स्तब्ध राही, पुन्हा स्पंदन पावे. तो हृदयाचाच ठेका होता! दुसऱ्या कोणीं तो रोधक काढून टाकला असता. हृदयरोधाविषयीं ऐकलेल्या ग्रेटबॅचला त्या चुकीचें मोल तत्काळ कळलें.

७ मे १९५८ रोजीं डॉ. विल्यम चार्डॅक यांच्या साहाय्यानें तें यंत्र एका कुत्र्याच्या हृदयास जोडलें गेलें आणि हृदय त्याच्या ठेक्यावर चालूं लागलें. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें एका मनुष्याच्या शरीरांत असें यंत्र बसविण्यांत आलें, परंतु तें कांहीं तासच टिकलें. ग्रेटबॅचनें नोकरी सोडली, शिलकीचे २,००० डॉलर घेतले आणि घरामागील कोठारांत ५० यंत्रें हातांनीं घडविलीं. १९६० सालीं तीं माणसांत बसविलीं जाऊं लागलीं. ७७ वर्षांचा एक वृद्ध त्यायोगें आणखी १८ महिने जगला. आरंभींची बॅटरी सुमारें २ वर्षांत संपे व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. म्हणून १९७० नंतर त्यानें या कार्यास योग्य अशी दीर्घकाळ टिकणारी लिथियम-आयोडीन बॅटरी सिद्ध केली. २०११ सालीं तो निवर्तला.

विद्यार्थिमित्रहो, शिक्षणवेतनानें ग्रेटबॅचला पदवी मिळाली. परंतु त्याच्या आयुष्याचें कार्य त्यास परीक्षेबाहेरच्या एका संभाषणांत सांपडलें. आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडे काय चाललें आहे हें जो जिज्ञासेनें पाहतो, त्याची चूकहि कधीं कधीं दुसऱ्याचे प्राण वांचविते. मिळालेल्या शिष्यवृत्तीचें ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग कोणता?