वेशीवरचा वेताळ, हॉलिवूडचा ब्लेड

दिवाळीच्या आठवड्यात बीडमध्ये ‘थामा’ पाहत होतो. आयुष्मान खुरानाचे सुळे बाहेर आले, तसा मागच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, “बाप्पा, हे तर ब्लेड हाय!” वय असेल सतरा-अठरा. पहिला ‘ब्लेड’ आला १९९८ मध्ये, म्हणजे याच्या जन्माआधी. पण हिंदी डबिंग आणि मोबाइल असल्यावर जन्मतारखेला कोण विचारतो?

‘थामा’चे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. ‘झोंबिवली’त झोंबी, ‘मुंज्या’त मुंजा आणि आता बेताळ. एक मराठी माणूस भुतांची शिरगणती करायला निघालाय आणि गल्लाही जमवतोय, याचा आनंदच आहे. माझी तक्रार एकाच शब्दाबद्दल आहे. जो तो बेताळाला ‘देशी व्हॅम्पायर’ म्हणू लागलाय.

हे बारसं जुनं आहे. हिंदुस्तानी, गुजराती, मराठी अशा भाषा जाणणाऱ्या रिचर्ड बर्टन या साहेबाने १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाचा ‘व्हॅम्पायर’ केला. आता वेतालपंचविंशतीतला वेताळ आठवा. झाडाला उलटा लटकतो, प्रेतात शिरतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी पेच टाकतो. रक्त पिणं हा काही त्याचा धंदा नाही. तो डोकं खातो. गंमत पुढेच आहे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा ब्रॅम स्टोकर या बर्टनला भेटला होता. बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा चमके, हे त्याने आपल्या आठवणींत आवर्जून लिहून ठेवलंय. वेताळाला सुळे चिकटवणारा साहेब स्वतःच सुळेवाला निघाला!

आता ब्लेडकडे. अमेरिकी कॉमिक्सवाल्यांनी १९५४ मध्ये स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली आणि त्यात व्हॅम्पायरला बंदी घातली. १९७१ मध्ये ती सैल झाली. लगेच मार्व्हलने ड्रॅक्युलाचं मासिक काढलं आणि १९७३ मध्ये त्याच्या दहाव्या अंकात ब्लेड अवतरला. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जीन कोलन. सिनेमात त्याची कुळकथा अशी: बाळंतपणाच्या तोंडावर आईला व्हॅम्पायर चावला, म्हणून पोरगा अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा. अंगात व्हॅम्पायरची ताकद, पण उन्हात फिरू शकतो. रक्ताची तहान औषध टोचून मारतो आणि आपल्याच जातभाईंना चांदीच्या हत्याराने संपवतो. चांदी लागली की व्हॅम्पायरची राख.

मार्व्हल कंपनी १९९६ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली होती. दोन वर्षांनी वेस्ली स्नाइप्सचा ‘ब्लेड’ आला, साडेचार कोटी डॉलर खर्चून तेरा कोटींवर गेला आणि कॉमिक्सवरच्या सिनेमाला पैसा मिळतो हे लोकांना पटलं. ‘आयर्न मॅन’ त्यानंतर दहा वर्षांनी आला, पण श्रेय तोच खातो. गिलेर्मो देल तोरोचा दुसरा भाग (२००२) मालिकेतला सर्वांत देखणा. तिसऱ्याबद्दल (२००४) न बोललेलं बरं. नव्या ‘ब्लेड’ची घोषणा २०१९ मध्ये झाली, नायक महेर्शाला अली. त्यानंतर दोन दिग्दर्शक सोडून गेले आणि २०२४ मध्ये सिनेमा वेळापत्रकातूनच काढला. विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेतसुद्धा इतक्या वेळा झाडावर परत गेलं नसेल!

मला विचाराल तर वेताळाचं नातं ड्रॅक्युलाशी नाही, ब्लेडशी आहे. आपल्याकडे वेताळ भुतांचा राजा. म्हणूनच तर त्याला गावाच्या राखणीला बसवलाय: चोराच्या घरच्यालाच पोलीसपाटील करावं तसा. भुताखेतांनी वेस ओलांडू नये, हे बघायचं काम त्याचं. ‘इंद्रजाल कॉमिक्स’वाल्यांना हे बरोबर कळलं होतं. ली फॉकच्या जंगलराखण्या ‘फँटम’ला त्यांनी मराठीत नाव दिलं ‘वेताळ’. आमच्या पिढीने ते अंक भाड्याने आणून वाचले आणि कुणालाही ते नाव खटकलं नाही.

सुळेच हवे असतील तर पटकथावाल्यांनी आमच्या जिल्ह्यात यावं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीने मारलेल्या राक्षसाचं नावच दंतासुर आहे. मार्गशीर्षात तिचा उत्सव असतो, तेव्हाच या.

येताना केज तालुक्यातल्या माझ्या आजोळी थांबा. वेशीबाहेर बाभळीखाली वेताळ आहे. दगडच, पण शेंदराचे थर चढून चढून आता गुडघ्याएवढा झालाय. आजी त्याच्यापुढे नारळ फोडून अर्धी कवड तिथेच ठेवायची. कुणीतरी नवस फेडताना त्याला डोळे बसवलेत, चांदीचे. हॉलिवूडच्या हिशेबाने त्याची केव्हाच राख व्हायला हवी होती.