ब्ल्यूबॉनेट ओळखावे पानावरून

मार्च-एप्रिलमध्ये टेक्ससच्या हमरस्त्यांकडेला जी निळाई पसरते, तिला तिथे सरसकट ब्ल्यूबॉनेट म्हणतात. पण हे नाव एकाच वनस्पतीचे नाही, ल्युपिनस या प्रजातीतल्या अनेक जातींचे आहे. बिग बेंडच्या वाळवंटी भागातली ल्युपिनस हावार्डी तीन फुटांपर्यंत वाढते, त्यामुळे ती चटकन ओळखू येते. खरी पंचाईत होते ती ल्युपिनस टेक्सेन्सिस आणि ल्युपिनस सबकार्नोसस या दोघींची. दोन्ही वर्षायू, दोन्ही साधारण फूटभर उंच, दोन्ही निळ्या. यांना वेगळे करायचे तर रंग सगळ्यात शेवटी पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

रंगाविरुद्धची साक्ष फुलच देते. हरभऱ्याच्या आणि तागाच्या कुळातले हे फूल. वर एक उभी रुंद पाकळी, बाजूंना दोन, आणि त्यांच्या आत दडलेल्या दोन जुळलेल्या पाकळ्यांत पुंकेसर. टेक्सेन्सिसच्या उभ्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो आणि फूल जुने होत जाते तसा तो जांभळट लाल होतो. मधमाश्या पांढऱ्या ठिपक्याच्या ताज्या फुलांकडे वळतात, कारण पराग तिथे असतो. म्हणजे एकाच तुऱ्यात वर पांढरे ठिपके, खाली लाल, आणि जात मात्र एकच. शिवाय याच जातीत पांढऱ्या आणि गुलाबी फुलांची झाडेही निपजतात. अशा वेगळ्या रंगाच्या झाडांतून निवड करत टेक्ससमध्ये गडद तांबडे वाणही तयार केले गेले. रंग इतका बदलला तरी पान टेक्सेन्सिसचेच राहिले.

म्हणून आधी पान. देठाच्या टोकावर एकाच बिंदूतून बहुधा पाच पर्णिका पसरतात. टेक्सेन्सिसमध्ये त्यांची टोके निमुळती, अणकुचीदार. सबकार्नोससमध्ये बोथट, गोलसर, कधी मध्ये किंचित खाचलेली. मग तुऱ्याचा शेंडा पाहावा. टेक्सेन्सिसच्या न उमललेल्या कळ्यांवर रुपेरी लव दाट असल्याने शेंडा पांढराशुभ्र दिसतो, अगदी दुरूनही. सबकार्नोससला ते पांढरे टोक नाही, आणि तिचा तुरा विरळही असतो. तिसरी खूण मला सर्वांत सुंदर वाटते. सबकार्नोससचे फूल समोरून पाहिले की बाजूच्या पाकळ्या गाल फुगवल्यासारख्या दिसतात. टेक्सेन्सिसमध्ये हा फुगवटा नसतो. मातीचाही आधार घ्यावा. सबकार्नोसस खोल वाळूत वाढते, टेक्सेन्सिसला चुनखडीची जमीन मानवते.

यावर कोणी म्हणेल की पाने झाडागणिक बदलतात, आणि रस्त्याकडेला बी पेरले जात असल्याने मातीचा पुरावाही कच्चा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यातून निघते ते इतकेच की एका खुणेवर निकाल देऊ नये. एकाच ठिकाणची चार-सहा झाडे पाहावीत, कोवळी आणि वाळकी पाने सोडून मधली घ्यावीत. बोथट पर्णिका, विरळ तुरा आणि फुगीर पाकळ्या एकत्र भेटल्या, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: राज्यानेच दोघींत फरक करायचे सोडले, मग आपण का करावा? 1901 साली टेक्ससच्या विधिमंडळाने कापसाचे बोंड आणि निवडुंग बाजूला सारून सबकार्नोससला राज्यपुष्प केले. टेक्सेन्सिस अधिक भरदार, ती का नाही, हा वाद मग कित्येक वर्षे चालला, आणि 1971 मध्ये कायद्यानेच सगळ्या ब्ल्यूबॉनेटना तो मान दिला. मानासाठी हे ठीकच झाले. पण निसर्गाच्या नोंदींना हा न्याय लावता येत नाही. वाळूला बांधलेली जात आणि दूरवर पेरली जाणारी जात एकाच नावाखाली मोजली, तर पहिली कमी होत गेली तरी आकड्यांत ते दिसणार नाही. तिची नोंद तिच्याच नावाने व्हायला हवी, आणि त्यासाठी ती ओळखता यायला हवी.

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसकडची मराठी कुटुंबेही वसंतात मुलांना या फुलांत बसवून फोटो काढतात. त्यांना एवढीच विनंती, की झाडे न तुडवता एक फोटो पानाचा, एक शेंड्याचा आणि एक फुलाचा समोरून काढा, आणि जागेची नोंद ठेवा.