असीलचा डौल

हिंजवडीच्या आयटी पार्कभोवतालच्या हॉटेलांत दुपारी जी कोंबडी ताटात येते, ती बहुधा ब्रॉयलर असते. तिची पारख वजनकाट्यावर होते: किती दिवसांत किती वजन, आणि त्यासाठी खाद्य किती. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमुळे या हिशेबी पैदाशीत पुण्याचं नाव देशभर झालं. पण याच ब्रॉयलरच्या बापाकडच्या वंशात असील ही आपली झुंजीच्या कोंबड्यांची देशी जात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

एकोणिसाव्या शतकात असील इंग्लंडातल्या कॉर्नवॉलला पोचला. तिथे इतर जातींशी संकर होऊन ‘इंडियन गेम’ ही जात तयार झाली. अमेरिकेत तिला कॉर्निश म्हणतात. रुंद छातीचा हा कॉर्निश पुढे ब्रॉयलरचा पाया ठरला. म्हणजे आजचा काट्यावरचा पक्षी मुळात डोळ्यांनी निवडलेल्या पक्ष्याचा वारस आहे.

ही डोळ्यांची निवड प्रदर्शनांत घडली. 1835 साली इंग्लंडात कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. 1845 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि 1865 साली जातींचे निकष पुस्तकात छापले गेले. झुंजीत कोण जगतो हा प्रश्न मागे पडला. जातीला कोण उतरतो, हा प्रश्न पुढे आला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आपल्याकडेही 1960 च्या कायद्याने झुंजी लावणं गुन्हा आहे, पण त्या हौसेला दुसरी वाट आपण अजून नीट बांधून दिलेली नाही.

असील पारखायचा तर तो आधी जमिनीवर सोडून बघावा. मान लांब आणि जाड, खांदे रुंद, शेपूट खाली झुकलेली, उभं राहणं ताठ. तुरा वाटाण्याच्या दाण्यांसारखा बसका, तीन ओळींचा. चोचीखालचं लोंबतं मांस जवळजवळ नाहीच. उभा, करवतीसारखा तुरा दिसला की संकराची शंका घ्यावी. मग पक्षी हातात घ्यावा. आकाराच्या मानाने तो जड लागला पाहिजे. पिसं आखूड, कडक, अंगाला चिकटलेली. छातीच्या हाडावरून बोट फिरवावं. हाड सरळ हवं. पिल्लांना कोवळ्या वयात अरुंद दांडीवर बसू दिलं तर ते वाकतं, आणि मग रक्त कितीही चांगलं असो, पक्षी प्रदर्शनातून बाद होतो. असीलचा चांगला नर चार ते पाच किलोंचा भरतो. पीला, याकूब, नूरी, कागर, सब्जा असे त्याचे रंगांवरून पडलेले प्रकार आहेत.

पैदास मात्र धीराची. असीलची कोंबडी अंडी थोडी देते, पण खुडूक झाली की अशी चिकाटीने बसते की तिच्याखाली दुसऱ्यांची अंडीही उबवून घेतात. पिल्लं हळू वाढतात, म्हणून घाईने निवड करू नये. आधी व्यंग असलेली बाजूला काढावीत, डौलाचा निकाल पूर्ण वाढ झाल्यावरच द्यावा. पायात क्रमांकाचं कडं आणि वहीत आईबापाची नोंद हवीच. चांगला गुण पक्का करायला जवळच्या नात्यात जोड्या लावतात. त्याचा अतिरेक झाला की अंडी फळत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात, आणि बाहेरचं रक्त आणावं लागतं.

महाराष्ट्राची स्वतःची जातही आहे: गुजरात सीमेवरची, नवापूर भागातली बुसरा. अंगाने लहान, आदिवासी पाड्यांवर परसात वाढणारी. याच नवापुरात 2006 च्या फेब्रुवारीत देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जात एकाच भागात एकवटलेली असली की अशी एक साथ तिला किती महागात पडू शकते, हे त्यावरून कळावं. हौशी पाळणारे ठिकठिकाणी असणं हाच त्यावरचा स्वस्त विमा.

पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला कृषी प्रदर्शन भरतं, हजारो शेतकरी येतात. तिथे असील आणि बुसरा यांच्या जातिनिहाय स्पर्धेला मंडप, मराठीत छापलेले निकष आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयातले परीक्षक द्यावेत, ही आयोजकांना आणि पशुसंवर्धन विभागाला विनंती.