ऑनलाइन विक्री आणि जीएसटी नंबर : छोट्या कारागिरांना मिळालेली सवलत

जीएसटी नंबर नसेल तर ऑनलाइन बाजारात माल विकताच येत नाही, अशी समजूत अनेक कारागीर व छोट्या दुकानदारांत आजही आहे. पूर्वी ती खरीच होती. २०१७ च्या कायद्यातील कलम २४ नुसार अशा विक्रेत्याला पहिल्या रुपयापासून नंबर घ्यावा लागे. तोच माल पेठेतल्या दुकानात विकणाऱ्याला मात्र उलाढालीच्या मर्यादेपर्यंत सूट! आपल्या राज्यात, फक्त मालाचा व्यापार असेल तर, ही मर्यादा २०१९ पासून ४० लाख रुपये आहे. हा सरळसरळ दुजाभाव होता.

१ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला. ४० लाखांच्या आतील विक्रेत्याला आता नंबराशिवाय ऑनलाइन कंपनीमार्फत माल विकता येतो. त्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन व धंद्याचा पत्ता देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा. तो मिळण्याआधी विक्री करू नये. हा क्रमांक म्हणजे जीएसटी नंबर नव्हे, त्यामुळे विवरणपत्रांची कटकट नाही. कंपनी एरवी विक्रेत्याच्या पैशांतून जो जीएसटी कापून ठेवते, तोही येथे कापायचा नाही.

मेख पुढे आहे. माल राज्याबाहेर जाता कामा नये. छत्रपती संभाजीनगरच्या विणकराने हिमरू शाल मुंबईला पाठवली तर चालेल, हैदराबादला नाही. सोलापूरच्या चादरवाल्याला नागपूरचे गिऱ्हाईक चालते, पण जवळच्या विजापूरचे चालत नाही! दूरचे गिऱ्हाईक मिळावे म्हणूनच माणूस इंटरनेटवर जातो, तेव्हा ही अट आम्हाला तरी अर्धी सवलत वाटते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तू स्वतः थेट परराज्यात विकणाऱ्यांसाठी वेगळी सूट आहे. तिची या नियमाशी गल्लत करू नये.

या अटी मोडून विक्री होऊ दिल्यास कंपनीलाही किमान १०,००० रुपये दंड आहे. म्हणून कंपन्या नावनोंदणी क्रमांकाबाबत काटेकोर असतात.

भाव ठरवताना मात्र सावध राहावे. नंबर नसलेल्याला सूत, रंग, खोकी यांवर भरलेला कर वळता करून मिळत नाही. कंपनीच्या कमिशनवरील १८ टक्के करही अंगावरच पडतो. समजा ५०० रुपयांच्या मालावर ७५ रुपये कमिशन लागले, तर त्यावर साडेतेरा रुपये कर, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी रुपये गेले. माल परत आल्यास कंपनी जो वाहतूक खर्च लावते, तो आणखी वेगळा. हे सर्व किमतीत धरून मगच भाव लावावा.