विश्लेषण : बहिष्कारामुळे ऑलिम्पिक सुवर्ण कमअस्सल ठरते का? काय सांगते लोरी फंगची कहाणी?

रिदमिक जिम्नॅस्टिक्स १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आले. पहिले सुवर्ण कॅनडाच्या २१ वर्षीय लोरी फंगने जिंकले. मात्र या यशाला ‘पण’ चिकटला, तो कायमचाच.

आक्षेप काय?

सोव्हिएत संघ आणि मित्रदेशांनी त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला होता. या खेळात तेव्हा बल्गेरिया आणि सोव्हिएत संघाची मक्तेदारी होती. १९८३ ची जगज्जेती, बल्गेरियाची दिलियाना जॉर्जिएव्हा लॉस एंजेलिसला आलीच नाही. त्याच जागतिक स्पर्धेत फंग २३वी होती. त्यामुळे ‘मैदान मोकळे होते म्हणून जिंकली’ असे म्हटले गेले.

मग सुवर्ण सोपे होते?

नाही. रोमानियाने बहिष्कार झुगारून संघ पाठवला होता. त्यांच्या डोइना स्टाइक्युलेस्कूला फंगने ५७.९५० विरुद्ध ५७.९०० गुणांनी, म्हणजे अवघ्या ०.०५ गुणाने मागे टाकले. पश्चिम जर्मनीची रेजिना वेबर तिसरी आली. रिंग, चेंडू, क्लब आणि रिबन अशा चार साधनांवरच्या कसरतींचे गुण यात धरले जातात. रिबन किंचित अडकली वा चेंडू हातातून निसटला, तरी एवढी आघाडी क्षणात संपते.

पुढे काय झाले?

१९८५ मध्ये फंगला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा नागरी सन्मान मिळाला. १९८८ मध्ये तिने स्पर्धात्मक खेळ थांबवला आणि प्रशिक्षणाकडे वळली. नवी पिढी घडली, पण तिच्या यशाची पुनरावृत्ती झाली नाही. २००० ते २०१६ या पाचही ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण रशियाकडे गेले. फंगनंतर उत्तर वा दक्षिण अमेरिकेतील एकाही खेळाडूला या खेळात ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही.

भारताशी तुलना का?

भारतीय हॉकी संघाचे आजवरचे शेवटचे ऑलिम्पिक सुवर्ण १९८० च्या मॉस्को स्पर्धेतले. तेव्हा बहिष्कार दुसऱ्या गटाचा होता. पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया असे बलाढ्य हॉकी संघ आले नव्हते. तरीही आपण ते आठवे सुवर्ण अभिमानानेच मोजतो.

निष्कर्ष काय?

जॉर्जिएव्हा आली असती तर निकाल बदलला असता, ही शक्यता दाट आहे. पण तिला रोखले ते राजकारणाने, फंगने नव्हे. बहिष्काराची खरी किंमत दोघींनी मोजली. एकीची संधी गेली आणि दुसरीला आपल्या पदकाचा खुलासा करण्याची वेळ आली.