लेणी बंद होती तेव्हा

अजिंठ्याला सोमवारी जाऊ नये, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. १६ मार्च २०२० हा असाच एक सोमवार होता. मंगळवारी सकाळी लेणी उघडायची, ती उघडली नाहीत. १७ मार्चपासून देशातली सगळी संरक्षित स्मारकं बंद ठेवण्याचा आदेश आला होता. अजिंठ्याचा तो सोमवार पुढं जवळजवळ नऊ महिने चालला. १० डिसेंबरला लेणी उघडली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, पुन्हा बंद झाली.

त्या बंद दाराविषयी आज बोलायचं आहे. 'शाश्वत पर्यटन' हा शब्द शासकीय कागदांत बराच फिरतो. त्याचा अर्थ मला तरी त्या दिवसांत अजिंठ्याकडं पाहून कळला.

आधी आतलं सांगतो. अजिंठ्याची चित्रं दगडावर काढलेली आहेत असं आपण म्हणतो, पण ती टेकली आहेत मातीवर. कोरलेल्या खडबडीत खडकावर माती, भुसा आणि गवताचे तंतू कालवून केलेला गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर रंग. भुशाला कीड लागते, मातीला ओल लागते. माणूस आत गेला की श्वासातून वाफ सोडतो, अंगाची ऊब सोडतो. एकट्यादुकट्यानं काही होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत रांगच्या रांग आत शिरते तेव्हा लेण्यातली हवा जड होते. ज्यांनी तो उकाडा सोसला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

बरं, चित्र बिघडलं तर दुरुस्त करू, असंही नाही. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढं पिवळा पडला आणि नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवत बसावं लागलं. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडायची हा नियम जुना आहे. गर्दीच्या दिवशी मात्र मागची रांग पुढच्यांना ढकलते आणि नियम भिंतीवरच्या पाटीपुरता उरतो.

त्या नऊ महिन्यांत हा श्वासांचा भार उतरला. पुन्हा उघडताना दिवसाला किती माणसं सोडायची याची मर्यादा ठरली, सकाळ आणि दुपार अशी वाटणी झाली, तिकीट आधी मोबाइलवर काढायचं झालं. वर्षानुवर्षं जे 'आपल्याकडं जमणार नाही' असं सांगितलं जात होतं, ते एका साथीनं जमवून दाखवलं.

आता बाहेरचं. फर्दापूरच्या तिठ्यावर खासगी गाड्या थांबवतात. तिथून लेण्यांच्या पायथ्यापर्यंतचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं, कारण धुराचा त्रास चित्रांना होतो. पायथ्याची दुकानंही याच विचारानं तिठ्यावर हलवली गेली. तिथं स्फटिकाचे दगड विकणारे बसतात. या खडकाच्या पोटात हिरवट, पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. त्यांतल्या एका दगडवाल्याशी माझी जुनी ओळख. साथ ओसरल्यावर भेटला तेव्हा मी विचारलं, कसं निभावलं? म्हणाला, "भाई, पोरगा सुरतेला निघून गेला. दगडं गोणीत भरून ठेवली. दगडाला कीड लागत नाही, तेवढंच बरं."

या माणसासाठी धोरणात काय होतं? मी शोधून पाहिलं. २८ जून २०२१ रोजी, म्हणजे पहिली टाळेबंदी होऊन सव्वा वर्ष उलटल्यावर, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी पर्यटनासाठी हमीकर्जाची योजना जाहीर केली. पर्यटन मंत्रालयानं मान्यता दिलेले देशभरातले १०,७०० गाइड आणि राज्यांनी मान्यता दिलेले गाइड यांना एक लाखापर्यंत, प्रवासी कंपन्यांना दहा लाखांपर्यंत. गाइडाला कर्ज मिळालं, ठीक. पण परदेशी पाहुणे आणायचे कुठून? २०१९ मध्ये देशात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२१ मध्ये १५ लाखांच्या आसपास. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. धंदा बंद असताना दिलेलं कर्ज म्हणजे उपाशी माणसाला उधारीवर दिलेलं ताट.

राज्य शासनानं आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला. १ एप्रिल २०२१ पासून हॉटेलांना औद्योगिक दरानं वीज. वाईट नाही. फेरीवाल्यांसाठी जून २०२० पासून दहा हजारांच्या कर्जाची केंद्राची योजना होती, पण ती शहरांच्या हद्दीत विकणाऱ्यांसाठी. फर्दापूर हे गाव. आणि डोलीवाले? म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून चौघांच्या खांद्यावर पायऱ्या चढवणारे हे लोक हॉटेलवाले नाहीत, परवानाधारक गाइड नाहीत, शहरी फेरीवालेही नाहीत.

धोरण करणाऱ्यांना माणसांविषयी आस्था नसते असं मी म्हणणार नाही. पण धोरणाला दिसतं ते नोंदलेलं. म्हणून पहिलं काम साधं आहे: लेण्यांवर जगणाऱ्या प्रत्येकाची नोंद, गावात बसून, ग्रामसभेसमोर. दुसरं काम तिकिटाचं. आपल्याला चाळीस रुपये, परदेशी माणसाला सहाशे. हा पैसा केंद्राच्या तिजोरीत जातो. त्यातला ठरलेला वाटा इथल्या गावांच्या नावे बाजूला पडला, तर लेणी विश्रांतीसाठी बंद ठेवायची वेळ आली की त्यातून चुली पेटतील. हे स्वप्नरंजन वाटेल. पण केरळात कुमारकोमला २००८ पासून हॉटेलांनी भाजीपाला आसपासच्या बायकांच्या बचतगटांकडून घ्यावा अशी घडी बसवली गेली, आणि २०१७ मध्ये त्या राज्यानं या कामासाठी स्वतंत्र मिशन काढलं.

गर्दीवर मर्यादा आणि गावाचा वाटा हे एकत्रच यायला हवेत. नुसती मर्यादा घातली तर तिची किंमत दगडवाला भरतो. नुसता धंदा वाढवला तर भिंतीवरचा पद्मपाणी भरतो.

मर्यादेमुळं ज्यांना थांबावं लागेल त्यांनी काय करायचं, याचं उत्तरही एकदा तयार झालं होतं. जपानच्या कर्जातून पर्यटक केंद्र बांधलं गेलं, मुख्य लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती केल्या गेल्या. २०१३ साली ते सुरू झालं. पाच-सहा वर्षांत थकलेल्या पाणी-विजेच्या बिलांवरून बंद पडलं. साथ आली तेव्हा त्याला कुलूपच होतं. कोट्यवधींची इमारत आणि नळाला पाणी नाही, यावर विनोद करण्याची माझी इच्छा नाही. प्रतिकृतीला मी कमी लेखत नाही. रॉबर्ट गिलनं १८४४ पासून इथं राहून आयुष्याची वर्षं नकला करण्यात घातली. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. भिंतीवरची मूळ चित्रं तेव्हा वाचली, कारण ती इथं होती.

गिलची पारो अजिंठा गावात पुरलेली आहे. ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा'मुळं ती मराठी वाचकांना माहीत झाली. पण लेणी पाहायला येणारे शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघतात, डबा बरोबर आणतात, संध्याकाळी परततात. गावाच्या वाट्याला येते ती पाण्याची बाटली आणि एखादं मक्याचं कणीस. मुक्काम झाला तर खाणावळ चालते, रिक्षा चालते, कुणाची तरी वरची खोली भाड्यानं जाते. अजिंठा गावाला जुनी तटबंदी आहे, वेशी आहेत. दोन दिवसांचा ऐवज सहज आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी जाणार असाल तर रविवारी दुपारी लेणी पाहा आणि रात्री तिथंच राहा. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी गाव बघा, पारोच्या कबरीवर जाऊन या. तिठ्यावर दगडवाला बसलेला असेल. भाव तो जरा चढाच सांगतो, पण माणूस ऐकणारा आहे.