व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम किती दिवसांचा?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा : आईबाबा सहा महिने अमेरिकेत राहून परत आलेत, आता पुन्हा कधी जाता येईल? आणि सोबत सोसायटीच्या कट्ट्यावरचं उत्तरही असतंच. "सहा महिने बाहेर काढावेच लागतात, नियम आहे."

असा नियम नाही. आधी तेवढं डोक्यातून काढून टाकू.

पासपोर्टावरचा बी-१/बी-२ व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आपल्याला तो बहुधा १० वर्षांचा मिळतो. पण आत घ्यायचं का आणि किती दिवस, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, दर वेळी नव्यानं. त्याची नोंद म्हणजे आय-९४. पर्यटकाला साधारण ६ महिने मिळतात. व्हिसा कितीही वर्षं शिल्लक असो, मुक्काम संपतो आय-९४ वरच्या तारखेला. ती तारीख सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसते. मी तर म्हणेन, बॅगा उघडायच्या आधी बघा. कारण ती ओलांडली की एका दिवसानंही तो व्हिसा रद्द ठरतो. १८० दिवसांहून जास्त राहून निघालात तर ३ वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं.

मग मधलं अंतर किती ठेवायचं? कायदा आकडा देत नाही. तो एवढंच धरून चालतो की येणारा माणूस कायमचा राहायला आलाय. तसं नाही हे दाखवणं तुमचं काम. अधिकाऱ्यासमोर तुमच्या जाण्यायेण्याच्या तारखा असतात. एप्रिल ते सप्टेंबर तिकडे, नोव्हेंबरात पुन्हा दारात, असं दोनतीन वर्षं चाललं तर तो विचारणारच, की तुम्ही राहता नक्की कुठे? म्हणून 'आत जितके दिवस, त्याहून जास्त बाहेर' हा ढोबळ हिशोब बराय, पण तो सल्ला आहे, कायदा नव्हे. लवकर जायला खरं कारण असेल, तर जावं. परतीचं तिकीट, पेन्शनचे, घराचे कागद हाताशी ठेवावेत.

आणि हो, कॅनडाला चक्कर मारून आलं की नवे सहा महिने मिळतात, हेही खरं मानू नका. ३० दिवसांच्या आतली कॅनडा-मेक्सिकोची फेरी असेल, तर बहुतेकदा जुनीच तारीख पुढे चालू राहते.

आता जरा नाजूक. "नातवाला भेटायला आलोय" आणि "सून कामावर जाते, बाळ मी सांभाळणार" ही दोन उत्तरं आपल्याला सारखीच वाटतात. अधिकाऱ्याला दुसऱ्यात काम दिसू शकतं, आणि या व्हिसावर काम चालत नाही. म्हणून कुणी पढवून पाठवतात. ते करू नका. खोटं बोलल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. बेत खरोखरच भेटीचा ठेवा, मग उत्तर आपोआप सरळ येतं. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो. आईबाबांना हे निघण्यापूर्वी जरूर सांगा.

आणि परत पाठवायचंच ठरलं, तर अर्ज स्वतःहून मागे घेऊ द्याल का, असं विचारता येतं. परवानगी देणं त्याच्या हातात असतं. पण तातडीनं हद्दपार केल्याचा शिक्का बसला की ५ वर्षं जातात. अर्ज मागे घेतला तर ती वाचतात.